संकलित चित्रपटाचा आवाज मिक्सिंगसाठी कसा पाठवावा

मराठीतला पहिला बोलपट १९३२ साली प्रभात फिल्म कंपनीने कोल्हापुरातच तयार केला. आज इथे लघुपट आणि माहितीपट करणारे माझ्या ओळखीचे बहुतेक जण चित्रीकरण आणि संकलन गावातच करतात, पण आवाजाचे अंतिम मिक्सिंग पुण्याच्या किंवा मुंबईच्या स्टुडिओत करून घेतात. संकलनाच्या सॉफ्टवेअरमधला आवाज ध्वनिमिश्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये सुखरूप पोहोचवण्याचे काम त्यामुळे संकलकावर येते, आणि त्याची पूर्वतयारी कशी करावी याची नीट मांडणी मराठीत असावी असे मला फार दिवस वाटत होते.

माझ्या पहिल्या माहितीपटाच्या वेळी ही तयारी मी अर्ध्या तासात उरकली होती. पुण्याच्या स्टुडिओत फाइल उघडली तेव्हा टाइमलाइनवर क्लिपांच्या चौकटी जागच्या जागी दिसत होत्या, पण एकाही चौकटीत आवाज नव्हता. फाइल काढताना मी तिच्यात आवाज न भरता फक्त दुवे ठेवले होते, आणि ज्या ध्वनिफाइलींकडे ते दुवे जात होते त्या कोल्हापुरात राजारामपुरीत माझ्या टेबलावरच्या हार्ड डिस्कमध्ये राहिल्या होत्या. स्टुडिओचा तो दिवस वाया गेला. ती डिस्क दुसऱ्या दिवशी पोहोचल्यावर आणखी एक गोष्ट लक्षात आली: कोणता ट्रॅक कोणत्या माइकचा, कोणते संगीत तात्पुरते आणि कोणती क्लिप मुद्दाम बंद ठेवली आहे, हे सगळे फक्त मलाच ठाऊक होते. मिक्सिंग करणाऱ्याच्या हाती टाइमलाइन जाते, संकलकाची आठवण जात नाही. म्हणून आपल्याला जे ठाऊक आहे ते टाइमलाइनवर उतरवणे हेच या तयारीतले मुख्य काम आहे, आणि पुढचा सगळा तपशील त्यासाठीच आहे.

उदाहरणासाठी करवीर तालुक्यातल्या एका गुऱ्हाळावरचा २२ मिनिटांचा माहितीपट घेऊ. त्यात गुळव्याची, म्हणजे गूळ करणाऱ्या कारागिराची, मुलाखत आहे, ऊस गाळणाऱ्या चरकाचे इंजिन आहे, काहिलीत (मोठ्या कढईत) उकळणारा रस आहे आणि तिच्या खालच्या चुलवाणात (भट्टीत) चिपाड, म्हणजे रस काढलेला वाळका ऊस, लोटणारी माणसे आहेत. आवाजाच्या दृष्टीने इतकी अवघड जागा कोल्हापूर परिसरात क्वचितच दुसरी असेल.

चित्र पक्के झाल्याशिवाय आवाज पाठवू नये

दिग्दर्शकाने आणि निर्मात्याने चित्र अंतिम म्हणून मान्य करेपर्यंत, म्हणजे पिक्चर लॉक होईपर्यंत, थांबावे. सेकंदाला २५ फ्रेमच्या चित्रात एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची असते. तिसऱ्या मिनिटाला १२ फ्रेम कापल्या, तर त्यापुढचा सगळा आवाज जवळजवळ अर्धा सेकंद सरकतो, आणि मिक्सिंग अर्ध्यावर आलेले असेल तर ती सगळी जुळणी हाताने करावी लागते. शीर्षके आणि श्रेयनामावली तयार नसतील तर त्यांच्या नेमक्या लांबीचे काळे चित्र तरी टाइमलाइनवर ठेवावे.

फ्रेम रेट आणि सँपल रेट

फ्रेम रेट म्हणजे सेकंदाला किती चित्रे, आणि सँपल रेट म्हणजे सेकंदाला आवाजाची किती मोजमापे. आवाज पुढे-मागे होण्याच्या तक्रारींचे मूळ बहुतेक वेळा या दोन आकड्यांत असते. चित्रपटगृहासाठी सेकंदाला २४ फ्रेम आणि आपल्याकडच्या दूरचित्रवाणीसाठी २५ फ्रेम ही नेहमीची मोजमापे आहेत. पण कॅमेऱ्यात २४ असे लिहिलेले असताना प्रत्यक्षात चित्रीकरण २३.९७६ फ्रेमवर झालेले असू शकते. हा फरक हजारात एक इतकाच आहे. तरीही एका बाजूने २४ आणि दुसऱ्या बाजूने २३.९७६ धरले, तर आपल्या २२ मिनिटांच्या माहितीपटाच्या शेवटी आवाज सुमारे १.३ सेकंद सरकलेला असतो, आणि गुळव्याचे ओठ मिटल्यानंतरही त्याचे बोलणे ऐकू येत राहते. संकलनाच्या पहिल्या दिवशीच सीक्वेन्सचा (टाइमलाइनवर लावलेल्या संकलनाचा) फ्रेम रेट कागदावर लिहून ठेवावा आणि मिक्सिंग करणाऱ्याला तोच आकडा दशांशासह कळवावा.

मोबाइलवर केलेले चित्रीकरण असेल तर जास्त जपावे लागते. बहुतेक मोबाइल फ्रेम रेट स्थिर ठेवत नाहीत; प्रकाश आणि प्रोसेसरवरचा भार यांनुसार तो कमी-जास्त होत राहतो. असे चित्रीकरण संकलनाला घेण्याआधीच हँडब्रेक किंवा शटर एन्कोडर यांसारख्या मोफत साधनाने स्थिर फ्रेम रेटमध्ये बदलून घ्यावे. संकलन झाल्यावर हा बदल करायला गेल्यास प्रत्येक कट पुन्हा तपासावा लागतो.

सँपल रेट चित्रपटाच्या कामात ४८ किलोहर्ट्झ आणि खोली (बिट डेप्थ, म्हणजे प्रत्येक मोजमापाची बारकाई) २४ बिट ठेवावी. रेकॉर्डर चुकून ४४.१ किलोहर्ट्झवर राहिला असेल, तर ती फाइल आधी ४८ मध्ये रूपांतरित करून घ्यावी. रूपांतर न करता ती ४८ म्हणून वाजली, तर आवाज जवळजवळ ९ टक्के वेगाने धावतो आणि सुमारे दीड सेमीटोन वर चढतो, म्हणजे पेटीवरच्या लागोपाठच्या दोन पट्ट्यांत जेवढे अंतर असते त्याच्या दीडपट. बोलण्यात हा फरक पटकन कळतो, पण इंजिनाच्या किंवा पाखरांच्या आवाजात तो निसटून जातो.

हल्लीचे काही रेकॉर्डर ३२ बिट फ्लोटमध्ये ध्वनिमुद्रण करतात. अशा फाइलीत शून्य डेसिबलच्या, म्हणजे डिजिटल आवाजाच्या नेहमीच्या कमाल पातळीच्या, वर गेलेला आवाजही शाबूत असतो. पण तीच फाइल २४ बिटमध्ये उतरवताना शून्याच्या वरचा भाग कायमचा कापला जातो. म्हणून आधी क्लिपचा आवाज खाली आणावा आणि मग रूपांतर करावे.

टाइमलाइनची मांडणी

मूळ सीक्वेन्सला हात न लावता त्याची प्रत काढावी, तिच्या नावात ‘ध्वनीसाठी’ या अर्थाची खूण आणि तारीख घालावी, आणि पुढचे सगळे काम त्या प्रतीवर करावे. पहिल्यांदा मल्टिकॅमच्या (अनेक कॅमेरे एकत्र बांधलेल्या) क्लिपा मोडून साध्या क्लिपा कराव्यात आणि एका सीक्वेन्सच्या पोटात ठेवलेले दुसरे सीक्वेन्स उघडून बाहेर काढावेत, कारण पोटातला सीक्वेन्स पलीकडे बहुधा एकच सलग मिश्रण होऊन पोहोचतो आणि त्यातले माइक वेगळे करता येत नाहीत. संकलन करताना बंद करून ठेवलेल्या क्लिपा काढून टाकाव्यात; त्या पलीकडे बंदच राहतील याचा भरवसा नसतो. एखादी बंद क्लिप पर्याय म्हणून हवीच असेल, तर ती शेवटच्या वेगळ्या ट्रॅकवर ठेवून त्या ट्रॅकला तसे नाव द्यावे.

त्यानंतर आवाज जातीनुसार लावावा. गुऱ्हाळाच्या माहितीपटात मी पहिल्या दोन ट्रॅकवर गुळव्याचा कॉलर माइक आणि त्याच वेळचा बूम माइक (दांड्यावर धरलेला) ठेवले, पुढच्या दोनांवर शेतकऱ्याचे तसेच दोन माइक, नंतर निवेदन, नंतर चित्रासोबत आलेले कामाचे आवाज, त्याखाली वातावरणाचा आवाज आणि सगळ्यात खाली संगीत. एका ट्रॅकवर एकच माइक ठेवणे हा यातला सर्वांत उपयोगी नियम आहे. संकलन करताना आपल्याला बूम आवडला म्हणून कॉलर माइक टाकून देऊ नये. संकलकाच्या खोलीतल्या लहान स्पीकरवर जो आवाज बरा वाटतो, तोच स्टुडिओत इंजिनाखाली दबलेला निघू शकतो, आणि तेव्हा दुसरा माइक हाताशी असावा लागतो. रेकॉर्डरने सगळे माइक वेगवेगळे आणि शिवाय एक एकत्रित मिश्रण असे दिलेले असते. संकलनात फक्त मिश्रण वापरले असेल, तर मूळ सुटे माइक त्याच जागी आणून बसवावेत.

कॉलर माइक मोनो असूनही पुष्कळदा तो स्टिरिओ क्लिपच्या डाव्या बाजूला मुद्रित होतो आणि उजवी बाजू रिकामी राहते. अशी क्लिप मोनो करून घ्यावी, नाहीतर ट्रॅकची संख्या विनाकारण दुप्पट होते. संगीत आणि स्टिरिओ माइकने घेतलेले वातावरण मात्र स्टिरिओच ठेवावे.

आवाज स्वच्छ करण्यासाठी आपण लावलेले नॉइज रिडक्शन, इक्वलायझर आणि कॉम्प्रेसर प्रतीतून काढून टाकावेत. ते बहुतांशी पलीकडे जातच नाहीत, आणि क्लिपमध्ये मुरवून पाठवले तर परत काढता येत नाहीत. एखाद्या प्रसंगात मुद्दाम केलेला परिणाम असेल, उदाहरणार्थ फोनमधून येणारा आवाज, तर मूळ क्लिप एका ट्रॅकवर आणि परिणाम मुरवलेली क्लिप खालच्या ट्रॅकवर अशा दोन्ही द्याव्यात. क्लिपचा वेग बदलला असेल तिथेही हेच करावे. आवाजाचे चढउतार मात्र राहू द्यावेत, कारण दिग्दर्शकाने कोणता आवाज कुठे पुढे आणला आहे हे मिक्सिंग करणाऱ्याला त्यातूनच कळते.

वातावरणाचा आवाज आणि हँडल

गुळव्याची मुलाखत चरक चालू असतानाच झाली होती, कारण हंगामात चरक थांबवायला सांगणे त्याच्या पोटावर आले असते. संकलनात त्याच्या बोलण्यातली पुनरुक्ती काढून मी एका मिनिटात अकरा कट केले. बोलणे सुरेख सलग झाले. पण प्रत्येक कटपाशी मागच्या इंजिनाची घरघर तुटत होती, आणि शब्दांपेक्षा ती तूटच कानाला आधी खटकत होती. ही तूट बुजवायची तर मिक्सिंग करणाऱ्याला आधीच्या क्लिपचा आवाज कटच्या पुढे आणि नंतरच्या क्लिपचा आवाज कटच्या मागे थोडा ओढून एकमेकांत मिसळावा लागतो. त्यासाठी टाइमलाइनवर न दिसणारा, पण मूळ फाइलीत असलेला, कटच्या दोन्ही बाजूंचा आवाज त्याच्यापर्यंत पोहोचलेला असावा लागतो. त्यालाच हँडल म्हणतात. पुष्कळ ठिकाणी सेकंद-दोन सेकंदांचे हँडल ठेवले जाते. माझ्या मते माहितीपटासाठी किमान ५ सेकंद हवेत, म्हणजे २५ फ्रेमच्या हिशेबाने १२५ फ्रेम, आणि डिस्कवर जागा असेल तर १० सेकंद ठेवायला काहीच हरकत नाही. फाइल थोडी मोठी होते, पण त्या जास्तीच्या सेकंदांत अनेकदा गुळव्याने श्वास घेतलेला क्षण सापडतो, ज्यात फक्त इंजिन ऐकू येते.

त्याच कारणाने चित्रीकरणाच्या जागी कोणी न बोलता घेतलेला निदान एक मिनिटाचा आवाज प्रत्येक जागेसाठी द्यावा. गुऱ्हाळात मी चरकाजवळ, काहिलीच्या काठावर, चुलवाणाच्या तोंडाशी आणि गुळाच्या ढेपा भरतात त्या आतल्या खोलीत असे चार वेगळे आवाज घेतले होते. नुकताच उकळू लागलेला पातळ रस आणि काकवीच्या पुढे जाऊन दाटलेला पाक यांचा आवाज अगदी निराळा असतो. पहिला खळखळतो, दुसरा जड बुडबुड्यांनी फुटतो. दृश्यात पाक दाटलेला असताना मागे पातळ रसाचा आवाज लागला, तर गुऱ्हाळ पाहिलेल्या कुठल्याही माणसाला ते खोटे वाटेल, आणि शहरातल्या स्टुडिओत बसलेल्या माणसाकडून हा फरक ओळखण्याची अपेक्षा करणे योग्य नाही. म्हणून फाइलीच्या नावातच तो सांगावा. संकलनात न वापरलेले असे आवाज टाइमलाइनवर न लावता वेगळ्या फोल्डरमध्ये द्यावेत.

फाइल काढणे

टाइमलाइनवरचा आवाज क्लिपांच्या मांडणीसकट दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नेणाऱ्या फाइलीचे दोन प्रकार प्रचलित आहेत: जुना ओएमएफ आणि नवा एएएफ. ओएमएफ फाइलला २ गिगाबाइटची मर्यादा असते. ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटचा एक मोनो ट्रॅक मिनिटाला साधारण ८.६४ मेगाबाइट जागा घेतो; म्हणजे २२ मिनिटांच्या १२ ट्रॅकवर सलग आवाज असेल, तर हँडल धरायच्या आधीच सुमारे २.२८ गिगाबाइट होतात. स्टुडिओने खास ओएमएफ मागितले नसेल तर एएएफच काढावे.

प्रीमिअर प्रो या संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये एक्स्पोर्टच्या यादीत एएएफ निवडल्यावर जी खिडकी उघडते, तिच्यात सँपल रेट ४८०००, खोली २४ बिट आणि प्रकार ब्रॉडकास्ट वेव्ह ठेवावा. आवाज फाइलीच्या आत भरण्याचा पर्याय निवडावा. आवाज वेगळ्या फाइलींत ठेवायचा असेल, तर एएएफबरोबर तयार होणारा फोल्डरही न विसरता पाठवावा. संपूर्ण ध्वनिफाइली पाठवण्याऐवजी कापून पाठवायच्या असतील, तर हँडलच्या चौकटीत फ्रेमची संख्या लिहावी. क्लिपवरचे इफेक्ट मुरवण्याची खूण काढून टाकावी. दाविंची रिझॉल्व्हमध्ये डिलिव्हरच्या पानावर प्रो टूल्स या ध्वनिमिश्रणाच्या सॉफ्टवेअरसाठीची तयार मांडणी असते, ती एएएफ आणि त्याबरोबरच्या ध्वनिफाइली एकदमच काढते. फायनल कट प्रो थेट एएएफ काढत नाही. तिथे एक्सएमएल काढून एक्सटूप्रो यासारख्या वेगळ्या अॅपने तिचे एएएफ करावे लागते, आणि संकलन करताना रोल (क्लिपांना दिलेली संवाद, संगीत अशी लेबले) नीट दिले असतील तर ट्रॅक त्यांनुसार लागतात.

फाइलींची नावे रोमन अक्षरांत, लहान आणि मोकळ्या जागेशिवाय ठेवावीत. देवनागरी नावे काही सॉफ्टवेअरमध्ये चौकोन होऊन पोहोचतात आणि मग दुवे तुटतात.

चित्राची प्रत आणि जुळणीची खूण

एएएफबरोबर चित्राची एक प्रत द्यावी लागते. तिची सुरुवात आणि लांबी टाइमलाइनशी फ्रेमसकट जुळली पाहिजे, आणि तिच्यावर टाइमकोड (तास, मिनिट, सेकंद आणि फ्रेम सांगणारा आकडा) ठळक छापलेला असावा. तो चेहऱ्यावर किंवा सबटायटलवर येऊ देऊ नये. १०८० रेषांची, हलक्या डीएनएक्सएचडी किंवा प्रोरेस प्रॉक्सीतली फाइल मिक्सिंगच्या संगणकावर सहज चालते, एच.२६४ चालते, पण फ्रेम-फ्रेमने मागे-पुढे करताना ती जड जाते. संकलनातला तात्पुरता एकत्रित आवाज या प्रतीत असू द्यावा आणि त्याची वेगळी वेव्ह फाइलही द्यावी. काहीही शंका आली की मिक्सिंग करणारा त्याच्याशी ताडून पाहतो.

जुळणीची खूण म्हणजे टू-पॉप. चित्राची पहिली फ्रेम ०१:००:००:०० वर ठेवावी, आणि तिच्या बरोबर दोन सेकंद आधी, म्हणजे ००:५९:५८:०० वर, एक किलोहर्ट्झचा एकच फ्रेम लांबीचा टोन ठेवून त्याच फ्रेमवर चित्रातही ठळक खूण दाखवावी. २५ फ्रेम आणि ४८ किलोहर्ट्झ असेल तेव्हा ही एक फ्रेम बरोबर १९२० सँपलची असते. शेवटच्या फ्रेमनंतर दोन सेकंदांनी तसाच दुसरा टोन ठेवावा. पहिला टोन जुळला आणि शेवटचा जुळला नाही, तर फ्रेम रेटची चूक आहे हे संवाद न ऐकताही समजते. एएएफ, चित्राची प्रत आणि एकत्रित आवाजाची वेव्ह या तिन्हींत हे टोन असावेत.

सोबतची चिठ्ठी

एका पानावर फ्रेम रेट, सँपल रेट, सुरुवातीचा टाइमकोड, एकूण लांबी आणि ट्रॅकची यादी लिहावी. कोणते संगीत अंतिम आणि कोणते तात्पुरते, कोणते वाक्य पुन्हा ध्वनिमुद्रित करायचे आहे आणि कुठली शांतता मुद्दाम ठेवली आहे, हे टाइमकोडसह सांगावे. अंतिम संगीत एमपी३ स्वरूपात न देता संगीतकाराकडून मिळालेली मूळ वेव्ह फाइल द्यावी.

संवादांची संपूर्ण संहिता जोडावी असा माझा आग्रह आहे. आपण ते बोलणे शेकडो वेळा ऐकलेले असते, त्यामुळे इंजिनाखाली दबलेला शब्दही आपल्याला स्पष्ट ऐकू आल्यासारखा वाटतो. करवीरच्या बोलीत झरझर बोललेले ‘काहील’, ‘चुलवाण’, ‘चिपाड’ हे शब्द मुंबईच्या इंजिनिअरने पहिल्यांदाच ऐकलेले असण्याची शक्यता असते. शब्द समोर लिहिलेला असला म्हणजे तो ऐकू येतो की नाही हे त्याला ठरवता येते आणि कुठे इंजिन खाली न्यावे हेही कळते.

पाठवण्याआधी आणि परत आल्यावर

मूळ ध्वनिफाइलींची डिस्क संगणकापासून काढून ठेवावी आणि मग एएएफ एका कोऱ्या प्रोजेक्टमध्ये, शक्य असल्यास दुसऱ्याच संगणकावर, उघडावे. माझी पहिली चूक या एका तपासणीने पाठवण्याआधीच सापडली असती. उघडलेल्या ट्रॅकच्या खाली एकत्रित आवाजाची वेव्ह फाइल ठेवून दोन्ही एकाच वेळी वाजवावेत आणि सुरुवात, मध्य व शेवट या तिन्ही ठिकाणी ऐकावे. कुठे दुहेरी आवाज किंवा विहिरीतल्यासारखा घुमार आला, तर तिथे सरकलेले काहीतरी आहे. त्यानंतर एखाददुसऱ्या क्लिपचे टोक ओढून हँडल खरोखर आले आहे का ते पाहावे. सगळे एका झिप फाइलमध्ये बांधून पाठवावे आणि एक प्रत स्वतःकडे ठेवावी.

इतके करूनही लॉकनंतर चित्रात बदल करावा लागलाच, तर नवे एएएफ मुकाट्याने पाठवू नये. कोणत्या टाइमकोडला किती फ्रेम वाढल्या किंवा कमी झाल्या याची यादी, चित्राची नवी प्रत आणि जुनी प्रत अशा तिन्ही गोष्टी एकत्र द्याव्यात, म्हणजे झालेले मिक्सिंग तेवढ्याच जागी कापून जुळवता येते.

मिक्सिंग होऊन आवाज परत येतो तेव्हा संपूर्ण मिश्रणाबरोबर संवाद, संगीत आणि परिणाम यांचे वेगवेगळे ट्रॅकही मागून घ्यावेत. पुढे माहितीपट दुसऱ्या भाषेत न्यायचा झाला तर ते लागतात. परत आलेला आवाज मूळ सीक्वेन्सवर ठेवून आधी पहिला टोन, मग शेवटचा टोन जुळतो का ते पाहावे आणि मगच पूर्ण चित्रपट एकदा सलग ऐकावा. तोपर्यंत चित्रीकरणाची कार्डे आणि रेकॉर्डरच्या मूळ फाइली पुसू नयेत.